रामीबाईचा खुलासा

रामीबाई राठोड आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्र विभागात प्रयोगशाळा परिचर आहेत. कागदावर त्यांचं काम म्हणजे काचसामान धुणं, बरण्यांमधलं फॉर्मॅलिन बदलणं आणि प्रात्यक्षिकाच्या दिवशी टेबलं मांडणं. प्रत्यक्षात विभागात कुठली वस्तू कुठे आहे, कोण कुणाशी बोलत नाही आणि का बोलत नाही, हे फक्त त्यांनाच ठाऊक असतं. मी तिथं मराठी शिकवते, तासिका तत्त्वावर. म्हणजे दर जूनमध्ये नव्यानं नोकरीला लागते आणि दर एप्रिलमध्ये बेकार होते. उमरखेडहून पांढरकवड्याला नवीनच आले होते तेव्हा रामीबाईंनी मला व्हरांड्यात गाठून विचारलं, "अर्पिता मॅडम, तुमी डबा आनता का नुसती हवा खाता?" तेव्हापासून दुपारी मी त्यांच्या टेबलाशी, बरणीतल्या एका जाड अजगराच्या पिल्लासमोर बसून जेवते. सवय होते.

त्या झरी जामणीकडच्या तांड्यावर जन्मल्या. सातवी झाल्यावर शाळा संपली, कारण आठवीची शाळा जंगलापलीकडे होती. सतराव्या वर्षी केळापूरजवळच्या तांड्यात दिल्या. नवरा पूनमसिंग याच विभागात परिचर होता. एका पावसाळ्यात वणीच्या रस्त्यावर त्याची मोटारसायकल घसरली, आणि अनुकंपा तत्त्वावर त्याची नोकरी रामीबाईंना मिळाली. तेव्हा मुलगी रंजिता चार वर्षांची होती. पहिल्याच दिवशी विभागप्रमुखांनी त्यांना सांगितलं, उद्या चाळीस बेडूक लागतील. रामीबाई ते दिवस सांगताना कधी डोळे पुसत नाहीत. "मानूस गेला आन् बेडूक आले," एवढंच म्हणतात.

बेडकांनंतर झुरळं. प्रात्यक्षिकाला ढीगभर झुरळं लागायची, आणि ती प्राध्यापकांच्या स्वयंपाकघरांत मुबलक असायची. त्यामुळे गावातल्या एकूण एक सर-मॅडमच्या ओट्याखाली रामीबाईंचा हात गेलेला आहे. कोणाच्या घरी डबे घासलेले असतात आणि कोणाच्या घरी फक्त दिवाणखाना पुसतात, हे त्या झुरळांच्या जाडीवरून सांगत.

आणि मग कोंबड्यांची आतडी. आमचे आताचे प्राचार्य डॉ. सदाशिवराव गोहोकार तेव्हा प्राणिशास्त्राचे साधे अधिव्याख्याते होते आणि डॉक्टरेट करत होते. विषय होता गावरान कोंबड्यांच्या आतड्यातले जंत. अडचण अशी की साहेब माळकरी. कांदासुद्धा चातुर्मासात वर्ज्य. खाटकाच्या दुकानासमोरून जायचं झालं तर दुसऱ्या फुटपाथला जात. म्हणून चार वर्षं, रोज सकाळी, रामीबाई तांड्यावरून येताना बाजारात उतरून कोंबडीवाल्याकडून गरम आतडी स्टीलच्या डब्यात आणत. साहेब नाकाला रुमाल बांधून, तुळशीची माळ शर्टाच्या आत सरकवून, ती चिरत आणि चिमट्यानं जंत वेचत. डबा मात्र कधी हातात घेतला नाही. "ठेवा तिकडे," म्हणत. डॉक्टरेट मिळाली. पेढे वाटले. पुढे खुर्चीही मिळाली.

आता गेल्या वर्षीच्या दिवाळीची गोष्ट.

विद्यापीठाकडून एक परिपत्रक आलं. सणासुदीला होणारा कचरा टाळावा, म्हणून महाविद्यालयांनी सहकाऱ्यांमध्ये 'हरित स्नेहभेट' घ्यावी. फोटो आणि अहवाल पाठवावा. फोटो आणि अहवाल म्हटलं की आमचे प्रा. अमर पिंपळशेंडे जागे होतात. भूगोलाचे आहेत, पण भूगोल सोडून सगळ्या समित्यांचे समन्वयक आहेत. त्यांनी नियम काढले: वस्तू नवी घ्यायची नाही. वापरलेली पण कामाची असावी. प्लास्टिक नको. वेष्टन नको. चिठ्ठी निघेल त्याला भेट द्यायची. आणि यंदा प्रथमच शिपाई, परिचर, सगळेच सामील. ही शेवटची ओळ त्यांनी ठळक अक्षरात छापली होती, आपण कुणावर तरी फार उपकार करतो आहोत अशा थाटात.

मग ते स्वतः रामीबाईंकडे आले. आम्ही जेवत होतो.

"रामीबाई, तुमचं ते बंजारा भरतकाम द्या ना. आरशा-बिरशांचं. आणि त्या दिवशी तो घागरा घालून या. फोटो काय येईल!"

रामीबाईंनी घास गिळला. "सर, माह्या मायनं बी घागरा सोडला होता. मी कुठून आनू? आन् सुई मले धरता येत नाई. ब्लाउजची बटनं रंजिता लावून देते."

"पण तुमच्याकडे परंपरेनं असतंच ना?"

"तुमच्याकडं परंपरेनं काय असते? ते घालून तुमी या आंदी."

सर गेले. त्या पुन्हा भाकरीकडे वळल्या.

चिठ्ठ्या स्टीलच्या घमेल्यात टाकल्या होत्या. माझ्या वाट्याला ग्रंथपाल आले. रामीबाईंनी चिठ्ठी उघडली, वाचली आणि तोंडाला पदर लावून इतक्या हसल्या की पुढच्या रांगेतले वळून बघायला लागले. चिठ्ठीवर नाव होतं, डॉ. स. वि. गोहोकार.

"काय देणार?" मी विचारलं.

"पाह्यतो," म्हणाल्या.

कार्यक्रम सुट्टीच्या आठ दिवस आधी सभागृहात झाला. संस्थेचे अध्यक्ष विठ्ठलराव मुख्य पाहुणे. आधी हरित शपथ झाली. साहेबांनी ती व्यासपीठावरच्या कागदावरून वाचली, आम्ही मागून म्हटली. मग भेटी सुरू झाल्या. सहा जणांनी बांबूचे टूथब्रश दिले. वापरलेली वस्तू हवी, हा नियम या सहा जणांनी पाळला नाही हे एका अर्थी बरंच झालं. अर्थशास्त्राच्या सरांनी लिंबू सरबताचा काचेचा सेट दिला, त्याच्या खोक्यावर 'चि. सौ. कां. खुशीच्या शुभविवाहानिमित्त' असं लिहिलेलं होतं. खुशी त्यांचीच मुलगी. तिला आता दोन मुलं आहेत. पिंपळशेंडे सरांनी तुळशीचं रोप दिलं, प्लास्टिकच्या कुंडीत, आणि कुंडीला हिरवा कागद गुंडाळला होता. माझंही काही सांगण्यासारखं नाही. मी ग्रंथपालांना एक पुस्तक दिलं, जे मी त्यांच्याच ग्रंथालयातून तीन वर्षांपूर्वी नेलं होतं.

मग रामीबाईंचं नाव पुकारलं.

त्या साधी निळी साडी नेसून, हातात झाकलेली बांबूची टोपली घेऊन वर गेल्या. साहेबांनी हात जोडले. फोटोवाला पुढे सरकला. पिंपळशेंडे सरांनी माईक धरला, कारण त्यांना अजूनही आरशांच्या भरतकामाची आशा होती.

"दोन शब्द बोला."

रामीबाई माईकात बोलल्या, "वस्तू नवी नाई. अडीच वर्साची हाय. वापरलेली हाय. कामाची हाय. पिलास्टिक काईच नाई. पॅकिंग तिचं तिनंच आनलं." आणि झाकण काढलं.

आतून एक तांबडी, गुबगुबीत गावरान कोंबडी उठून उभी राहिली. तिच्या पायाला जुन्या साडीची चिंधी बांधली होती, ती तिनं वाटेतच सोडवून घेतली असावी, कारण दुसऱ्या क्षणी ती फडफडत व्यासपीठाच्या लाकडी डेस्कवर जाऊन बसली. सभागृहाकडे मान तिरपी करून पाहिलं. आणि हरित शपथेवर शिटली.

सगळ्यांत आधी हसले ते अध्यक्ष विठ्ठलराव. ते जुने शेतकरी; पार खुर्चीत वाकून, चष्मा काढून हसले. ते हसतात म्हटल्यावर बाकीच्यांना परवानगीच मिळाली. साहेब मात्र हात मागे बांधून उभे होते. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मला तिसऱ्या रांगेतून दिसत होत्या. तासाभरात तो फोटो जिल्ह्यातल्या सगळ्या प्राध्यापकांच्या ग्रुपवर फिरला.

दुसऱ्या दिवशी रामीबाईंना कारणे दाखवा नोटीस आली. 'आपण माननीय प्राचार्यांना जाहीर कार्यक्रमात जिवंत कोंबडी देऊन संस्थेच्या प्रतिमेस बाधा आणली. सात दिवसांच्या आत लेखी खुलासा सादर करावा, अन्यथा कारवाई करण्यात येईल.' भाषा पिंपळशेंडे सरांची, सही साहेबांची.

कोंबडीचं काय झालं ते मला चौकीदार रूपसिंगकडून कळलं. साहेबांनी त्याला संध्याकाळी क्वार्टरवर बोलावून सांगितलं, हिला घेऊन जा. तो म्हणाला, बरं. साहेबांनी विचारलं, काय करशील हिचं? रूपसिंग प्रामाणिक माणूस. म्हणाला, "रस्सा." साहेब म्हणाले, राहू दे, मी बघतो.

इकडे कॉलेजात दोन तट पडले. काही म्हणाले, बाईनं मुद्दाम अपमान केला. काही म्हणाले, बिचारीला कळलं नाही. दुसऱ्या गटाचा रामीबाईंना जास्त राग आला.

"न कळायले काय झालं? मी काय पागल आहो?"

खुलासा लिहायला त्या माझ्याकडे आल्या. कॉलेजात अर्ज, रजा, समारोप, श्रद्धांजली, सगळं मीच लिहिते. अजगराच्या बरणीशी बसून मी कागद काढला.

"आधी मला सांगा," मी म्हणाले, "कोंबडीच का?"

"काऊन? वाईट हाय का? मास्तरीन नाव हाय तिचं. माह्या घरातली सगळ्यात हुशार कुकडी. दुसऱ्या कुकड्यायले रांगेत उभं करते."

"रामीबाई."

त्यांनी फडक्यानं टेबल पुसलं. ते आधीच स्वच्छ होतं.

"मॅडम, दसऱ्याच्या आंदी मी साहेबाच्या क्वार्टरमंदी गेलती. नवीन मॅडमले शिकवायले झुरळ पाह्यजे होते, नुस्ते दाखवायले. पह्यले त्या घरी काय झुरळ राहे! यावेळी ओट्याखाली हात घातला, एक नाई. फडताळात नाई. बाईसाहेब नातवापाशी पुन्याले गेल्या, आठ महिने झाले. हा मानूस मेसचा डबा खाते आन् डबा धुऊन ठेवते. झुरळायले बी काई भेटत नाई तिथं. ज्या घरात झुरळ टिकत नाई, तिथं मानूस कसा टिकन?"

"म्हणून कोंबडी?"

"आन् दुसरं बी हाय." त्यांनी फडक्याची घडी घातली. "चार वर्स मी त्याईले आतडे आनून देल्ले. शंभर, दोनशे, किती त मोजलेच नाई. कोंबडी कशी चालते, कशी झोपते, काय बोलते, ह्या मानसानं कधी पाह्यलंच नाई. कोंबडीचा डॉक्टर झाला! म्हनलं एक त अख्खी पाहो."

मी संध्याकाळी ग्रंथालयात जाऊन साहेबांचा प्रबंध काढला. ऋणनिर्देश पावणेदोन पानांचा होता. मार्गदर्शक, सहमार्गदर्शक, पत्नी, सासरे, टंकलेखक, झेरॉक्सवाला, शेवटी परमेश्वर. रामीबाई नव्हत्या. दुसऱ्या दिवशी ते त्यांना सांगावं की नाही या विचारात मी डबा उघडत होते, तर त्याच म्हणाल्या, "पाह्यलं ना पुस्तक? ग्रंथपाल सांगे."

"तुम्हाला माहीत होतं?"

"रंजिता इथंच बीएस्सी झाली. तिनं वाचून दाखवलं होतं. लय रडली पोट्टी."

"आणि तुम्हाला राग नाही आला?"

"आला ना. पन राग ठेवायले जागा त पाह्यजे. इथं पाहाल तिकडं बरन्याच बरन्या."

खुलासा आम्ही दोन दिवस दुपारी लिहीत होतो. मी कार्यालयीन मराठीत गुळगुळीत करायला बघायचे आणि त्या परत खरखरीत करायच्या. शेवटी जो गेला तो असा:

'परिपत्रकाप्रमाणे वस्तू नवी नसावी. ती अडीच वर्षांची आहे. वस्तू उपयोगी असावी. ती एक दिवसाआड अंडं देते, उष्टं खाते आणि खत देते. ही तिन्ही कामं करणारी दुसरी कोणतीही भेट त्या दिवशी कोणी दिली नाही. कोंबडीनं व्यासपीठावर जे केलं ते मला न विचारता केलं, त्याबद्दल तिच्या वतीनं मी दिलगिरी व्यक्त करते. परंतु कागद हरित होता आणि पडलं तेही खतच होतं. साहेबांनी आजवर शेकडो कोंबड्यांची आतडी पाहिली. ती मीच आणत होते. एक पूर्ण कोंबडी त्यांच्या घरी असावी असं मला वाटलं.'

शेवटच्या तीन वाक्यांसाठी मी त्यांच्याशी भांडले. म्हणाले, नोकरीची सहाच वर्षं राहिली आहेत, कशाला? त्या म्हणाल्या, "तेच त लिहाचं हाय. वरचं सगळं त तुमचं हाय."

सहाव्या दिवशी कागद गेला. सातव्या दिवशी बोलावणं आलं. मला लिहिणारी म्हणून सोबत नेलं. पायऱ्या चढताना रामीबाईंचा हात गार होता हे मला कळलं, कारण त्यांनी माझं मनगट धरलं होतं. केबिनमध्ये पिंपळशेंडे सर फाईल घेऊन तयार उभे होते.

साहेब म्हणाले, "अमर, तुम्ही जरा बाहेर थांबा. दार ओढून घ्या."

दार लागलं. साहेबांच्या समोर आमचा कागद होता. त्यांनी तो उलटा ठेवला. घसा साफ केला. मग एकदम खालच्या आवाजात विचारलं, "ती दोन दिवस उठतच नाहीये. काही खात नाही. जवळ गेलं की फुगते आणि घशातून काहीतरी गुरगुरते. आजारी आहे का?"

रामीबाईंनी माझं मनगट सोडलं. "कुठं बसते?"

"आमच्या हिची जुनी सुटकेस आहे, उघडी पडली होती. तिच्यात. आधी तीन-चार अंडी दिली. मी काय करू त्यांचं, मी खात नाही. तिथंच ठेवली."

"आजारी नाई ते. खुडूक झाली."

"म्हणजे?"

कोंबड्यांच्या आतड्यांवर डॉक्टरेट मिळवलेला माणूस विचारत होता. रामीबाईंनी मोठ्या संयमानं सांगितलं, "पिल्लं काढाले बसली ते. चार अंड्यावर कायले बसवता, मी अजून सात आनून देतो. एकवीस दिवस उठवाचं नाई. दाना-पानी जवळ ठेवाचं. आन् सुटकेस लावाची नाई."

"नाही नाही," साहेब म्हणाले. मग तो उलटा कागद त्यांनी बोटानं थोडा सरकवला. "ते शेवटचं... तुमचं नाव राहून गेलं त्या वेळी."

"हो," रामीबाई म्हणाल्या. "राह्यलं."

साहेब वाट पाहत होते. त्या पुढे 'जाऊ द्या' म्हणतील, अशी मलाही अपेक्षा होती. टेबलावरच्या काचेखाली कुठल्या तरी जुन्या संमेलनाचा फोटो होता, तो त्या बघत राहिल्या. शेवटी साहेबच म्हणाले, "चूक झाली माझी." तेव्हा त्यांनी मान हलवली आणि म्हणाल्या, "अंडे उद्या आनतो. गव्हाच्या कुटारात घालून आनतो, म्हन्जे फुटत नाई."

फाईलवर 'खुलासा मान्य' असा शेरा आला. पिंपळशेंडे सरांनी तो दोनदा वाचला.

दिवाळीला साहेब पुण्याला गेले नाहीत. बाईसाहेबांना फोनवर मूल्यांकन समितीचं काम सांगितलं, पण तेवढ्यात मागे कोंबडी ओरडली. मग सगळं सांगावं लागलं. "कोंबडी? माळ आहे ना तुमच्या गळ्यात?" असं पलीकडून इतक्या मोठ्यानं आलं की रूपसिंगला अंगणात ऐकू आलं. साहेब म्हणाले, "खायची नाहीये, बसली आहे." त्यांनी भिंतीवर तक्ता लावला, सकाळ-संध्याकाळ तापमान लिहायला सुरुवात केली. थर्मामीटर पंखाखाली घालायला गेले तेव्हा मास्तरीननं त्यांच्या अंगठ्याचं साल काढलं. तक्त्यात त्या दिवशीची नोंद कोरी आहे.

एकविसाव्या दिवशी सकाळी सहाला त्यांनी रामीबाईंना फोन केला आणि रामीबाईंनी मला. थंडी पडली होती, कापसाच्या गाड्या जिनिंगकडे चालल्या होत्या. आम्ही पोहोचलो तेव्हा प्राचार्य मफलर गुंडाळून, सुटकेससमोर उकिडवे बसले होते. मास्तरीनच्या पोटाखालून चिवचिव येत होती. पाच पिल्लं बाहेर आली होती, एक अर्धं. ते टरफलात अडकून दम टाकत होतं. साहेबांनी ते सोडवायला बोटं पुढे केली, आणि रामीबाईंनी त्यांच्या हातावर चापट मारली. चांगली आवाज होईल अशी.

"हात लावू नोका! त्याचं त्याले निंगू द्या. तुमी ओढलं त पाय लुळे पडते."

साहेबांनी हात मागे घेतला आणि मांडीखाली घातला. पिल्लू थांबायचं, पुन्हा धडपडायचं. अर्ध्या तासानं ते ओलंचिंब, कुरूप असं सांडलं. साहेबांनी मफलरनं नाक पुसलं.

दुपारपर्यंत नऊ निघाली. दोन अंडी तशीच राहिली. ती हलवून रामीबाई म्हणाल्या, "हे गेले." साहेबांची जुनी सवय जागी झाली. म्हणाले, उघडून बघू या का, नेमकं कोणत्या टप्प्यावर थांबलं?

"कायले?"

साहेबांनी खुरपं घेतलं, अंगणात जास्वंदीपाशी खड्डा केला, आणि दोन्ही अंडी स्वतःच्या हातानं त्यात ठेवून माती लोटली. मग हात धुऊन, विचारल्याशिवायच तिघांचा चहा ठेवला. रामीबाईंनी एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

"साहेब, राग नोका मानू, पन हा चहा नाई."

"मग?"

"उठा. साखर कुठं हाय ते दाखवा."